दुकानाची नोटीस आली, आता आपण काय देणं लागतो?





गेल्या काही आठवड्यांत उधना आणि डिंडोलीच्या कुटुंब-ग्रुपांतून एकाच धाटणीचा प्रश्न आमच्याकडे आला. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीच्या नावानं वकिलाचं पत्र घरी आलं. इंग्रजीत. घरात ते नीट वाचू शकणारी एकच व्यक्ती, आणि पत्र तिच्याच नावाचं. मजकूर साधारण असा: अमुक तारखेला तुम्ही आमच्या अशिलाच्या दुकानातून सौंदर्यप्रसाधनाच्या वस्तू बिल न करता नेताना आढळलात. मालाची किंमत ६५० रुपये. परंतु दुकानाचं नुकसान, सुरक्षेचा खर्च आणि वकिलाची फी धरून २५,००० रुपये पंधरा दिवसांत भरावेत. नाहीतर पोलिसात तक्रार, कोर्टात दावा, आणि कॉलेजला कळवणं.

दुकानाचं नाव आम्ही लिहीत नाही, मुलीचं तर नाहीच.

एका ग्रुपवर हे पत्र पडलं आणि दहा मिनिटांत चाळीस उत्तरं आली. कुणी म्हणालं, भरून टाका, मुलीच्या जातीचा प्रश्न आहे, उद्या लग्न करायचंय. कुणी म्हणालं, फाडून फेका, असल्या कागदांनी काही होत नाही. एका काकांनी आपला भाचा पोलिसात असल्याचं कळवलं. (प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक भाचा असतोच.) मुलीनं वस्तू घेतली होती की नाही, हे तिच्या आईनं आम्हाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माउलीचा प्रश्न वेगळाच होता. ती म्हणाली, "आम्ही घाबरून विचारत नाही. आम्ही खरोखर काय देणं लागतो, ते सांगा."

हा प्रश्न आम्हाला फार आवडला. चाळीस उत्तरांत एकानंही तो विचारला नव्हता. "भरून टाका" म्हणणाऱ्याला भय बोलवत होतं, "फाडून फेका" म्हणणाऱ्याला गुर्मी. देणं किती आणि कुणाचं, याचा हिशोब दोघांनीही केला नाही.

आधी पत्राबद्दल. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. एका बाजूनं आपलं म्हणणं कागदावर मांडलं, एवढाच तिचा अर्थ. कोर्टाचं समन्स वेगळं, त्यावर कोर्टाचा शिक्का असतो, खटल्याचा क्रमांक आणि तारीख असते, आणि ते कधीही दुर्लक्षून चालत नाही. नोटिशीतला आकडा मात्र कुणी न्यायाधीशानं ठरवलेला नसतो, तो मागणाऱ्यानं मागितलेला असतो. काही दुकानांत बोर्ड लावलेला दिसतो, चोरी पकडल्यास दहापट दंड. दंड करण्याचा अधिकार खाजगी दुकानाला आपल्या देशात कुठल्याही कायद्यानं दिलेला नाही. मालकाचं खरंच नुकसान झालं असेल तर ते मागण्याचा हक्क त्याला पुरा आहे, पण ते नुकसान दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं.

फौजदारी बाजूही माहीत असावी. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आणि शिक्षा आहे. त्यात एक नवी गोष्ट घातली गेली: चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा तुरुंगाची नसून समाजसेवेची. असा छोटा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठेवला आहे. म्हणजे कलम ३०३ खालच्या अशा छोट्या गुन्ह्यासाठी "आत्ताच्या आत्ता आत टाकतो" अशी धमकी कुणी दिली, तर तो कायदा सांगत नसून भीती विकतोय. आणि चोरीच्या या गुन्ह्यात मालाच्या मालकाला तडजोड करण्याचीही मुभा आहे.

हे वाचून "वा, मग काही होत नाही" असं ज्यांच्या मनात आलं असेल त्यांनी जरा थांबावं. आपला विषय त्याच्या पुढचा आहे.

समजा, वस्तू घेतलेली आहे. मग?

महाभारताच्या शांतिपर्वात व्यास युधिष्ठिराला शंख आणि लिखित या दोन भावांची गोष्ट सांगतात. बाहुदा नदीच्या काठी दोघांचे वेगवेगळे आश्रम. एकदा धाकटा लिखित थोरल्याच्या आश्रमात गेला, शंख घरी नव्हता. झाडाला पिकलेली फळं होती, लिखितानं तोडली आणि आरामात खात बसला. भावाचंच झाड, भावाचीच फळं. शंख आला, त्यानं विचारलं, कुठून आणलीस? लिखितानं हसत सांगितलं, इथूनच. शंख म्हणाला, न विचारता घेतलीस म्हणजे चोरी झाली. राजाकडे जा, आपला अपराध सांग आणि शिक्षा माग.

लिखित खरंच सुद्युम्न राजाकडे गेला. राजा गडबडला. इतका मोठा तपस्वी, फळांसाठी काय शिक्षा करायची? म्हणाला, शिक्षा करण्याचा अधिकार माझा आहे तसा माफीचाही आहे, जा, माफ केलं. पण लिखित अडून बसला, माफी नको, शिक्षाच हवी. शेवटी त्या काळच्या कठोर रीतीप्रमाणे राजानं त्याचे हात तोडले. तो तसाच भावाकडे परतला. शंखानं त्याला नदीत स्नान करून तर्पण करायला सांगितलं आणि हात परत फुटले. तेव्हा लिखितानं विचारलं, तुझ्या तपाचं एवढं सामर्थ्य होतं तर तूच मला आधी शुद्ध का नाही केलंस? शंखानं दिलेलं उत्तर फार कमी लोक लक्षात ठेवतात. तो म्हणाला, मी तुला दंड देणारा नाही. ते राजाचं काम.

हात तोडण्याच्या भागावर कीर्तनात खूप बोललं जातं, आम्हाला मात्र शंखाचं हे शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. झाड शंखाचं, फळं शंखाची, नुकसान शंखाचं. शिवाय थोरला भाऊ. तरीही तो म्हणतो, मी दंड देणारा नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला आपलं नुकसान मागता येईल, क्षमा करता येईल, पण शिक्षा ठरवणारा तो स्वतः नव्हे. कारण नुकसान झालेला माणूस रागात असतो, आणि रागाला माप नसतं. आणखी एक: शिक्षेतून त्याला पैसे सुटू लागले की अपराध्याची चूक हे त्याचं उत्पन्न होऊन बसतं.

६५० आणि २५,००० मधला फरक इथे उलगडतो. ६५० हे शंखाचं देणं. उरलेले २४,३५० हा दंड, आणि तो मागणारा राजा नाही.

आपल्या करार कायद्यात, १८७२ च्या, कलम २३ खाली एक उदाहरण छापलेलं आहे. 'ब' वर जबरी चोरीचा खटला 'अ' नं चालवलाय. 'अ' खटला सोडून द्यायचं वचन देतो आणि 'ब' घेतलेल्या वस्तूंची किंमत परत द्यायचं वचन देतो. कायदा म्हणतो, हा करार रद्दबातल, कारण त्याचा उद्देशच बेकायदेशीर. दीडशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यांनाही कळत होतं की गुन्ह्याबद्दल गप्प बसण्याची किंमत ठरवायला लागलो, तर श्रीमंताला न्याय विकत घेता येईल आणि गरिबाला तो भाड्यानं मिळेल. छोट्या चोरीत तडजोड चालते हे आम्ही वर सांगितलंच. पण "झालं ते झालं, माझी वस्तू किंवा किंमत दे आणि पुन्हा असं करू नको" ही तडजोड वेगळी, आणि शंभर घरांना एकाच साच्यातली पत्रं धाडून ज्याला जितकी भीती वाटेल तितकं वसूल करणं वेगळं. भीती घालून पैसे उकळणं हा तर न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आता प्रत्येक नोटीस म्हणजे खंडणी, असं मात्र कुणी समजू नये. दुकानदारही आपलाच माणूस असतो.

परदेशात हा सगळा धंदा जुना आहे. आपल्या परिवारातली बरीच मुलं तिकडे असल्यानं थोडं सांगतो. अमेरिकेत राज्याराज्यांचे यासाठी कायदेच आहेत. कॅलिफोर्नियात दुकानदार मालाच्या किमतीखेरीज ५० ते ५०० डॉलरपर्यंत मागू शकतो. तिथे रक्कम कायद्यानं बांधलेली आहे, हे लक्षात घ्या. तरीही तिथेच एका कंपनीनं पकडलेल्या माणसांना दुकानाच्या खोलीत बसवून "चारशे-पाचशे डॉलर भरून आमचा सुधारणा-वर्ग करा, नाहीतर पोलीस" असा कार्यक्रम चालवला, आणि २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टानं त्याला खंडणीच ठरवलं. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात १९९६ चं प्रकरण आहे. मुलानं दुकानातून वस्तू उचलली, वकिलाचं पत्र आईला आलं, तिनं २२५ डॉलर भरले. नंतर ती कोर्टात गेली आणि कोर्टानं पैसे परत द्यायला लावले. केवळ आई आहे म्हणून मुलाच्या कृत्याची भरपाई तिच्यावर येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. इंग्लंडमध्ये २०१२ साली ऑक्सफर्डच्या कोर्टानं दोन मुलींकडून सुरक्षेचा खर्च मागणारा दावा फेटाळला. कारण अगदी साधं होतं. पहारेकरी त्या दिवशी नेमून दिलेलं कामच करत होते, मुली आल्या नसत्या तरी त्यांचा पगार निघालाच असता.

मात्र तिकडच्या मुलांनी एक ध्यानात ठेवावं. तिथे दुकानाला पैसे भरले म्हणून पोलीस केस मिटत नाही, दोन्ही रस्ते वेगळे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या भारतातल्या दूतावासानं उघड सूचना काढली होती की चोरीसारख्या गुन्ह्यानं व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढेही मिळणं बंद होऊ शकतं. म्हणून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकील.

तर परत ६५० कडे.

कायद्याचं हे सगळं कळल्यावर एक मोह होतो, आणि तो मोह आम्हाला २५,००० च्या मागणीपेक्षा जास्त धोकादायक वाटतो. मागणी अन्यायाची आहे, हे खरं. मग मन हळूच म्हणतं, म्हणजे मी काहीच देणं लागत नाही. दुसऱ्याचा अन्याय दाखवून आपला अपराध खोडायचा! दुकानानं चाळीसपट मागितलं म्हणून ती लिपस्टिक आपली होत नाही. २५,००० देऊ नयेत, आणि ६५० दिल्याशिवाय राहू नये. ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. त्यातलं एक सोयीनं गाळलं की दुसरंही खोटं पडतं.

"एवढ्या मोठ्या कंपनीचं काय जातंय" हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. कंपनीचं कदाचित जात नसेलही. पण डुमस रोडच्या मॉलमध्ये काउंटरवर उभी राहणारी मुलगी बहुतेक वेळा पांडेसरा-लिंबायतमधून दोन रिक्षा बदलून येते, दारावरचा सिक्युरिटीवाला बारा तास उभा असतो. महिनाअखेरीस स्टॉक मोजताना वस्तू कमी भरली की साहेबाची नजर आधी त्यांच्याकडे वळते. आपल्या परिवारात कापड मार्केटमध्ये काम करणारे पुष्कळ आहेत, त्यांना हे सांगायला नको. रिंगरोडच्या दुकानात दोन तागे कमी निघाले की हिशोब कुणाच्या पगारातून होतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून चोरी कंपनीच्या घरी थांबत नाही, ती उतारावरून खाली येते आणि सगळ्यात खालच्या माणसाच्या ताटाशी थांबते. यमनियमांत अस्तेय सत्यानंतर लगेच येतं, त्याची संगती आम्हाला इथे लागते. घेतलेली वस्तू लपवायची तर खोटं बोलावंच लागतं, आणि त्या खोट्याचा भुर्दंड बहुधा तिसराच कुणी भरतो.

आता इथे एक खरी अडचण आहे आणि ती आम्ही टाळणार नाही. वकील सांगतात, लेखी कबुली देऊ नका, ती पुढे पुरावा म्हणून वापरली जाईल. आणि सत्संगात आपण ऐकतो, सत्य बोला. मग साधकानं काय करायचं? आमचं मत असं. गप्प राहणं आणि खोटं बोलणं एक नव्हे. वकिलामार्फत, आपले हक्क राखून, वस्तूची किंमत देऊ करता येते आणि बाकीची मागणी नाकारता येते. उत्तरात "मी दोषी आहे" असं लिहिलंच पाहिजे, अशी सत्याची अट नाही. पण घेतलेलं असताना "मी त्या दुकानात गेलेच नव्हते" असं लिहिणं, किंवा उलट पहारेकऱ्यावरच गैरवर्तनाचा खोटा आरोप करणं, हे असत्य आहे, कुठल्याही वकिलानं कितीही सुबक इंग्रजीत लिहून दिलं तरी. गैरवर्तन खरंच झालं असेल तर गोष्ट निराळी, ती अवश्य लिहावी. काही परिवारजनांना आमची ही भूमिका पळवाट वाटेल. त्यांचं म्हणणं असं की लिखितासारखं सरळ जाऊन सगळं सांगावं. आम्ही त्यांना एवढंच दाखवू की लिखित राजाकडे गेला. मागणी करणाऱ्याच्या वकिलाकडे गेला नाही. कोर्टात शपथेवर विचारलं गेलं तर तिथे खरंच सांगायचं, परिणाम काहीही होवो.

आणि घेतलंच नसेल तर?

लोकमान्यांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण पोरांना सांगतो. ती घडली तशीच घडली का, ते इतिहासकार बघतील. पण न केलेल्या कचऱ्याला हात लावायचा नाही, हा त्यातला कणा मराठी घरांत मुरलेला आहे. दुर्दैवानं तो मुलांच्या भाषणस्पर्धेपुरता उरतो. नोटीस आली की तेच आईबाप म्हणतात, जाऊ दे, देऊन मोकळं होऊ. घाबरून पैसे देणाऱ्या गरीब आईला आम्ही दोष देणार नाही, ती लेकराला वाचवत असते. तरी आमचा सल्ला, देऊ नका. न केलेल्या गोष्टीचे पैसे भरले की ते लेकरू आयुष्यभर समजतं, घरच्यांनीही मला चोर मानलं. २५,००० परत कमावता येतात, हे कसं भरून काढायचं?

यातच एक मधला प्रकार आहे. गर्दीत पिशवीत पडलेली वस्तू, कडेवरच्या बाळानं हातात धरलेलं चॉकलेट, बिल करताना राहिलेली एक वस्तू. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो, विसरणं म्हणजे चोरी नव्हे. घरी आल्यावर लक्षात आलं तर त्याच दिवशी परत जाऊन पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी. लाज वाटेल, वाटू द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं की तो विसर उरत नाही.

वस्तू उचलणारं लहान मूल असेल, तर इथे आपल्या गुजरातच्याच मातीतली एक गोष्ट आठवते. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये स्वतः सांगितलेली. राजकोटला असताना, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी थोरल्या भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा काढून विकला. भावावरचं पंचवीसेक रुपयांचं कर्ज त्यातून फिटलं. पण मन खाऊ लागलं. समोर बोलायची हिंमत होईना म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली: अपराध कबूल, शिक्षा मागितली, वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनंती, आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा. वडील आजारी होते, पाटावर पडून होते. उठून बसले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं. मग चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले. मारलं नाही, रागावले नाहीत.

वकिलाच्या पत्राशेजारी ही चिठ्ठी ठेवून बघा. एक पत्र नुकसान झालेल्यानं अपराध्याला लिहिलेलं, त्यात आकडा आहे आणि मुदत आहे. दुसरं अपराध्यानं लिहिलेलं, त्यात आकडा नाही. पहिल्या पत्रानं माणूस घाबरेल, पण बदलेल याची काही खात्री नाही. म्हणून घरी नोटीस आली आणि मूल म्हणालं "हो, मी घेतलं", तर बापानं गुपचूप २५,००० भरून प्रकरण दाबणं हा सगळ्यात वाईट मार्ग. मूल त्यातून एवढंच शिकतं की पैशानं सगळं धुता येतं. झोडपणं हाही उपाय नव्हे. मुलाला सोबत घेऊन दुकानात जावं, किंमत परत द्यावी, शक्य तर ती त्याच्या खाऊच्या पैशातून, आणि जिच्या पगारावर आलं असेल त्या काउंटरवरच्या ताईची त्यानं माफी मागावी. दुकानाचं पत्र चालू असेल तर हे सगळंही वकिलाला विचारूनच.

मूल अठराच्या आतलं असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ त्याच्या पाठीशी आहे. त्याला पोलीस लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि त्याचं नाव, फोटो, शाळा उघड करणं हा गुन्हा आहे. हे आम्ही खास आपल्या ग्रुपांसाठी लिहितोय. दुकानाच्या कॅमेऱ्यातली पंधरा सेकंदांची क्लिप "सावध रहा" म्हणून पुढे ढकलणाऱ्यांत आपलेही लोक असतात. वर हात जोडल्याचं चित्र, खाली कुणाच्या तरी लेकराचं तोंड. मुलगी मोठी असली तरी सिद्ध न झालेल्या गोष्टीसाठी तिची बदनामी करायचा परवाना आपल्याला कुणी दिला?

आणि आता जरा अवघड बोलतो. आतापर्यंत आपण नोटीस घेणाऱ्याच्या बाजूनं विचार केला. पण आपल्या घरांतही नोटिशी निघतात, फक्त त्या वकिलाच्या कागदावर नसतात. अंगठी सापडत नाही. घरात पाच माणसं, दोन पाहुणे, आणि धुणंभांडी करणारी मावशी. संशय पहिल्यांदा कुणाकडे जातो? तिच्या पिशवीत हात घातला जातो, "खरं सांग, नाहीतर पोलिसात देते" म्हटलं जातं, महिन्याचा पगार अडकवून ठेवला जातो. कारखान्यात चार नग कमी भरले की त्या दिवशी शेवटी बाहेर पडलेल्या कारागिराचं नाव घेतलं जातं. ना विचारपूस, ना मोजणी, ना त्याचं म्हणणं ऐकणं. ज्या वर्तनाला आपण दुकानाच्या बाबतीत अन्याय म्हणालो तेच इथे आपण करतो, आणि मावशीला तर वकिलाकडे जायचा रस्ताही माहीत नसतो. शंखाचं वाक्य इथे आपल्याला लागू होतं. अंगठी आपली असेल, पण दंड देणारे आपण नाही. नंतर ती अंगठी गादीखाली सापडते तेव्हा मावशीला परत बोलावून, ज्यांच्यासमोर आळ घेतला त्यांच्यासमोर माफी मागणारी घरं किती? दोन-तीन घरं आम्ही पाहिली आहेत. बाकीच्या ठिकाणी नवी मावशी ठेवली गेली.

त्या माउलीला आम्ही कळवलं ते असं. पाकिटासकट पत्र जपून ठेवा, आल्याची तारीख लिहून ठेवा. फोनवरून काही कबूल करू नका, पैसे पाठवू नका. पत्रावरच्या वकिलाचं नाव खरं आहे का ते आधी बघून घ्या, कारण खोटी नोटीस किंवा खोटा पोलीस बनून पैसे लुबाडणारे आता पुष्कळ झालेत. तसं निघालं तर लगेच १९३० वर फोन. पत्र खरं असेल तर मुदतीच्या आत वकिलाकडून उत्तर द्या. अठवालाईन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा कायदेशीर सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. दुकानात कुणी कोंडून ठेवलं असेल, अंगझडती घेतली असेल, तर ते दिवस-वेळेसह लिहून काढा आणि वकिलाला दाखवा. आणि या सगळ्याआधी एकदा मुलीला जवळ बसवा, दार लावून, फोन बाजूला ठेवून, आणि काय झालं ते तिच्या तोंडून शेवटपर्यंत ऐका. मध्ये बोलू नका.

ज्यांच्या घरी असं पत्र आलं असेल त्यांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नये. गुरुवारी आरतीनंतर केंद्रावर येऊन सेवेकऱ्यांना एकट्यानं भेटावं, इंग्रजी वाचून समजावून दिलं जाईल. उधन्याच्या ग्रुपवर पडलेलं ते पत्र आणि त्याखालची चाळीस उत्तरं ज्यांच्या फोनमध्ये अजून आहेत, त्यांनी ती आजच पुसून टाकावीत.